रविवारी ऐकलेलं सोमवारी कसं करायचं?

पत्र, थोडक्यात:

मालाडला राहते, नोकरी फोर्टात. घरी मिस्टर, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. मराठी मंडळीतच, म्हणजे मराठी चर्चमध्येच, वाढले, रविवारची उपासना सहसा चुकत नाही. आमच्या पाळक साहेबांनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घेऊन उपदेश केला, की कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. ते मनातून जात नाही. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, स्टेशनबाहेरच्या मुलांना बिस्किटांचे पुडे वाटले, तर एकाने तो पुडा लगेच टपरीवर विकला. शेजारच्या काकांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा काकूंना प्रार्थनेचा मोठा मेसेज पाठवला. तेव्हापासून काकू जपून बोलतात. मिस्टर म्हणतात, लोक तुझ्या चांगुलपणाचा फायदा घेतात. सकाळी सातला घर सोडते, रात्री आठला परत येते. श्रद्धा रोजच्या दिवसात उतरवायची म्हणजे मी नक्की काय करू?

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

तुमची पहिली अडचण वेळेची आहे, म्हणून आधी तेच बघू. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक दाखला आहे: वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला एक शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस, मदत करतो. तो शोमरोनी रिकामा नव्हता. तो प्रवासात होता आणि त्यालाही पुढे जायचं होतं. त्याने काय केलं ते क्रमाने बघा. जखमी माणसाजवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि तिथे त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला आणि निघाला. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांशी तीच ठरलेली आहे. म्हणजे त्याने दोन दिवसांची कमाई दिली, एक रात्र दिली आणि परत येण्याचा शब्द दिला. स्वतःचं काम त्याने सोडलं नाही, त्या माणसाला जन्मभर सांभाळायलाही घेतलं नाही. आपल्याकडे त्याच्या दयेवर पुष्कळ बोललं जातं, या परत येण्यावर फार कमी. नोकरी करणाऱ्या बाईला त्या दाखल्यातला सगळ्यात उपयोगाचा भाग मला तोच वाटतो: थोडं, नेमकं, योग्य माणसाच्या हाती सोपवलेलं, आणि पुन्हा चौकशी केलेलं.

आता बिस्किटं. त्या मुलाचं काही चुकलं नाही. सीलबंद पुडा टपरीवर अर्ध्या किमतीत सहज खपतो आणि घरी रोख न्यावी लागत असेल, तर मूल पुडा फोडणारच नाही. खायलाच द्यायचं असेल तर लगेच तोंडात जाईल असं द्या, म्हणजे सोललेलं केळं किंवा गरम वडापाव, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत दोन मिनिटं थांबा, नाव विचारा. पण त्याच जागी रोज काहीतरी मिळायला लागलं की मूल तिथेच अडकून राहतं, हेही खरं आहे. म्हणून एकटं, जखमी किंवा फार लहान मूल दिसलं तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ लावा. हा नंबर चोवीस तास चालतो आणि फोन फुकट आहे. सांगताना कोणतं स्टेशन, कोणता प्लॅटफॉर्म, पुलाची कोणती बाजू, अंदाजे वय आणि अंगावरचे कपडे एवढं सांगा. ‘स्टेशनबाहेर एक मूल आहे’ एवढ्यावर कोणालाच ते सापडत नाही.

याकोबाच्या ज्या पत्रावर तुम्ही उपदेश ऐकलात, त्याच्याच पाचव्या अध्यायात मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते असं लिहिलं आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची आज्ञा आहे. स्टेशनवरच्या मुलापर्यंत पोहोचायच्या आधी तुमच्या घरात कामाला येणाऱ्या ताईंचा हिशोब बघा. ज्यांचं देणं लागतो त्यांना कमी द्यायचं आणि अनोळखी माणसाला दान करायचं, ही दया नव्हे, असं माझं ठाम मत आहे. पगार दर महिन्याला एकाच तारखेला, पाच तारखेच्या आत, त्यांनी मागायच्या आधी हातात पडू द्या. महिन्यातून किमान चार सुट्ट्या ठरवा. आजारपणाचे पैसे कापू नका. तुम्ही गावी गेलात म्हणून त्यांना काम नव्हतं, तर तेही कापू नका, कारण सुट्टी तुमची होती. वर्षातून एकदा पगार वाढवा, आणि तो महिना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना तोंड वेंगाडावं लागणार नाही. चहा घरातल्याच कपात द्या. वेगळा कप, वेगळी ताटली, फरशीवर बसवणं हे अजूनही चालतं, आपल्या मंडळीतल्या घरांतही चालतं. चर्चमध्ये प्रभूच्या मेजावर एकत्र बसणाऱ्यांच्या घरात ते चालू नये. सोसायटीत त्यांना लिफ्ट वापरायची मनाई असेल, तर वार्षिक सभेत तो विषय लेखी द्या. एकट्या उभ्या राहायला कठीण वाटत असेल, तर आधी दोन घरांच्या सह्या घ्या.

कचरा नेणाऱ्यांचाही विचार याच ओळीत करा. फुटलेली काच आणि वापरलेलं ब्लेड तसंच पिशवीत टाकलं तर ते सफाई कामगाराच्या हातात घुसतं. जुन्या पुठ्ठ्यात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा. सॅनिटरी पॅड कागदात बांधून वर लाल खूण करा. सासूबाई इन्सुलिन घेत असतील, तर सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा. याला रोजची दोन मिनिटं लागतात आणि कोणाला दिसतही नाही.

बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात कापणी करताना शेताच्या कडा सोडायला सांगितलं आहे. तिथलं धान्य गरिबासाठी आणि परक्यासाठी. आपल्याकडे शेत नाही, पण कडा सोडता येतात. रोजची ठरलेली लोकल पकडायला धावतच पोचत असाल, तर वाटेत कोणी पडलेलं दिसलं तरी तुम्ही थांबू शकणार नाही. तो मनाच्या कठोरपणाचा प्रश्न नाही, शिल्लक नसण्याचा आहे. घरातून दहा मिनिटं आधी निघा. पर्समध्ये एक पाण्याची बाटली जास्तीची, ओआरएसचं एक पाकीट (ते पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्या पाण्यातच कालवायचं, कमी पाण्यात कालवलेलं घातक ठरू शकतं), एक सॅनिटरी पॅड, आणि दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा ठेवा.

डब्यात कोणी चक्कर येऊन पडलं, तर दोन स्टेशनांच्या मधे साखळी ओढू नका. गाडी रुळावर थांबते, तिथे ना डॉक्टर येतो ना स्ट्रेचर. बाईला आडवं करा, पाय फूटभर वर उचलून धरा, कपडे सैल करा, बायकांना जरा मागे सरायला सांगा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शुद्धीवर असेल आणि मधुमेह आहे म्हणाली, तर साखर किंवा गोड चहा द्या. एकीला रेल्वेची हेल्पलाइन १३९ लावायला सांगा. पुढच्या स्टेशनवर एकीने गार्डला खूण करायची, दुसरीने स्टेशन मास्तरांकडे जायचं. मग तुम्ही सोबत उतरा, नातेवाइकांना फोन लागेपर्यंत थांबा आणि पुढची लोकल पकडा. एरवी ऑफिसला वीस मिनिटं उशीर होतोच.

रस्त्यावर अपघात दिसला तर पोलीस मागे लागतील या भीतीने बरेच जण सरकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यावर निर्देश मंजूर केले, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, आणि चांगल्या हेतूने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर खटला भरता येत नाही. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा, वाहतं रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, मान हलवू नका.

आता काकूंकडे येऊ. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण आजारपण हीच मुंबईत शेजाऱ्याची सर्वांत मोठी गरज असते, आणि चांगल्या हेतूने केलेल्या चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात.

‘काही लागलं तर सांगा’ या वाक्यावर कोणीच काही सांगत नाही. विचारायचं ते असं: ‘काकू, बुधवारी रात्री साडेआठला दोन माणसांचा डबा आणते. कांदा-लसूण चालतो ना? काकांना मीठ कमी सांगितलंय का?’ यात त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. मऊ खिचडी सगळ्यात सोपी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी, चिमूटभर हळद, थोडं जिरं. तीन माणसांना पुरते. डबा परत द्यायची घाई नाही, असं आधीच सांगा, नाहीतर त्यात काहीतरी भरून परत द्यायचं ओझं त्यांच्यावर पडतं. मुंबईच्या उकाड्यात शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत खाल्लं जावं, म्हणून ऑफिसातून येताना सकाळचा डबा घेऊन जाऊ नका आणि ओल्या खोबऱ्याची चटणी तर मुळीच नको. मूत्रपिंडाचा किंवा केमोथेरपीचा पेशंट असेल, तर त्याच्यासाठी घरून काही नेण्याआधी डॉक्टरांनी काय चालेल म्हटलंय ते विचारा. केमोच्या पेशंटसाठी कापलेली फळं, कच्ची कोशिंबीर आणि फुलं नेऊच नका, त्यांना संसर्गाची भीती असते.

पेशंटकडे नर्स बघते. सोबत बसलेल्या बाईकडे कोणी बघत नाही. पालिकेच्या हॉस्पिटलात ती बहुधा तिथेच जमिनीवर झोपते. तिच्यासाठी एक पिशवी भरा: जाड चादर, टॉवेल, मग, साबण, रबरी चप्पल, चार्जर आणि त्याची लांब वायर, वही-पेन, बॅग बांधायला छोटी साखळी-कुलूप आणि सुट्टे पैसे. पिशवीपेक्षाही मोठी मदत म्हणजे शनिवारचे तीन तास. ‘दोन ते पाच मी बसते, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करा, झोपा.’ बसल्यावर मोबाइल बघत राहू नका. सलाइन संपत आलं की नर्सला सांगा, डॉक्टर फेरीला आले तर ते म्हणाले ते वहीत तारीख-वेळ घालून लिहा, काय समजलं नाही तेही लिहा. पेशंटला भेटायला गेलात तर दहा-पंधरा मिनिटांत उठा. रिपोर्टचे आकडे विचारू नका, अमक्याचं असंच झालं होतं असं सांगू नका, काढा सुचवू नका. सर्दी असेल तर जाऊच नका.

खर्चाचा प्रश्न असेल तर एक काम तुम्ही नक्की करू शकता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या हॉस्पिटलात लागू आहे, तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतात. आधार आणि रेशन कार्ड घेऊन नातेवाइकाला त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी न्या. ऑपरेशन झाल्यावर, बिल हातात आल्यावर गेलं की बहुधा उशीर झालेला असतो, कारण मंजुरी आधी लागते. झेरॉक्स काढणं, रांगेत उभं राहणं, फॉर्म वाचून दाखवणं यात पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि घाबरलेल्या घराचे लाखभर रुपये वाचू शकतात.

मग मेसेजचं काय? प्रार्थना करणं चुकीचं नव्हतं. पण ज्या क्षणी बाई भेदरलेली होती, त्या क्षणी दुसऱ्या धर्माचा लांब मजकूर आला, आणि मागोमाग काही मागणं येईल का, अशी शंका तिला आली असेल. आजच्या वातावरणात ती शंका येते, हे मान्य करूनच चाला. ती नवीही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये इथेच, मुंबईत, शारदा सदन सुरू केलं. विधवा मुलींना आपापले आचार पाळायची तिथे मोकळीक होती. तरी १८९३ मध्ये काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळल्याचं कळल्यावर गदारोळ झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम सोडलं नाही. पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना आसरा दिला.

म्हणून डब्यासोबत धर्माची पत्रिका नको, बायबलच्या वचनाचं कार्ड नको, फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकणं तर नकोच. मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभूने दान गुप्त ठेवायला सांगितलं आहे, ते आजच्या मोबाइललाही लागू आहे. काका-काकूंसाठी नाव घेऊन प्रार्थना करा, पण आपल्या घरात. समोर करायची असेल तर एकदाच विचारा, ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ हो म्हणाल्या तर चार वाक्यांत, साध्या मराठीत करा. नाही म्हणाल्या तर डबा तसाच चालू ठेवा. तुम्ही हे का करता असं काकूंनी स्वतः विचारलं, तर खरं ते एका वाक्यात सांगा, की माझ्या प्रभूने मला असं शिकवलंय. त्या मेसेजबद्दल खुलासा देत बसू नका. दुखावलं असेल तर तो विषय पुन्हा उकरल्याने आणखी अवघडलेपण येतं. डबे नियमित पोचले की कळायचं ते कळतं.

एकटीने सगळं ओढू नका. मार्कच्या सहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवलं. मंडळीच्या महिला संघातली एक बाई जोडीला घ्या. एकीला अडचण आली की दुसरी जाते, आणि घरोघर जायला ते सुरक्षितही आहे.

तुमच्या लोकलच्या मार्गावर आणखी एक गोष्ट आहे. प्रभादेवीला उतरून चालत गेलं की परळला अर्नेस्ट बोर्जेस रोडवर टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. तिथे प्लेटलेटची गरज सतत असते, कारण प्लेटलेट साठवून पाचच दिवस टिकतात. यंत्राने फक्त प्लेटलेट काढून घेऊन बाकीचं रक्त परत शरीरात सोडतात, त्याला तास-दीड तास लागतो. वय १८ पूर्ण, वजन ५० किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५, प्लेटलेट दीड लाखाच्या वर, आणि मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. शेवटचा निर्णय तिथले डॉक्टर तपासून घेतात. आपल्यातले बरेच जण लेंटमध्ये उपाशीपोटी जातात आणि परत पाठवले जातात. दोन तास आधी नीट जेवून, भरपूर पाणी पिऊन जा. चालू असताना ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. यंत्रातल्या औषधाने रक्तातलं कॅल्शियम कमी होतं म्हणून तसं होतं, आणि वेग कमी केला की थांबतं. नेहमीचं रक्तदान करायचं असेल तर बायकांनी दोन वेळांत १२० दिवसांचं अंतर ठेवायचं, पुरुषांनी ९०. मिस्टरांनाही सोबत न्या.

लोक फायदा घेतात, हे त्यांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. त्यात तथ्य आहे, आणि उपाय हिशोबात आहे. दोघांनी बसून महिन्याची रक्कम ठरवा, पाचशे असो की दोन हजार, आणि ती रोख वेगळ्या पाकिटात ठेवा. उसने मागायला कोणी आलं तर विसरून जाता येईल एवढंच द्या. लूकच्या सहाव्या अध्यायात परतफेडीची आशा न धरता द्यायला सांगितलं आहे. ती आशा ठेवूनच दिलेले पैसे नंतर नात्यात कडवटपणा आणतात. रक्कम मोठी असेल तर हातात देऊ नका. फी असेल तर शाळेच्या खिडकीवर भरा, औषध असेल तर मेडिकलवाल्याला द्या आणि पावती त्यांच्याकडेच ठेवा. कोणाच्याही कर्जाला जामीन राहू नका. नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात त्याविरुद्ध स्पष्ट इशारा आहे. आत्ताच हवेत, कोणाला सांगू नका, आणि दर वेळी वेगळं कारण, हे तिन्ही एकत्र आलं तर एक दिवस थांबा. थांबण्याने खऱ्या गरजूचं क्वचितच नुकसान होतं, आणि दुखण्याचं असेल तर तुम्ही स्वतः सोबत जाऊ शकता. पंचवीस तारखेला पाकीट रिकामं झालं तर पुढच्या महिन्यातले उचलू नका. आलेल्या माणसाला या महिन्यात पैसे नाहीत असं सरळ सांगा, बसवा, चहा द्या, आणि त्याचं काम कोणत्या ऑफिसात, कोणते कागद नेल्यावर होईल ते त्याच्यासोबत बसून शोधा.